जिन्यातल्या खुर्च्या

आमची लिफ्ट नाणं गिळायची आणि वर न्यायची.
मग नाणं गिळायची आणि न्यायची नाही.
शेवटी तिसऱ्या-चौथ्या मजल्यांच्या मधे
तोंड मिटून बसली ती बसलीच.
मार्च होता, रुस्तावीच्या गल्ल्यांत अजून बर्फाचा काळा चिखल.

मी पोलाद कारखान्यात एकतीस वर्षं हिशेब लिहिले.
अर्ज कसा करायचा ते मला कळतं.
पहिला अर्ज नगरपालिकेला,
दुसरा पहिल्याची आठवण करून देणारा,
तिसरा, आठवण पोचली का याची चौकशी.
फाइलीला निळी नाडी बांधली होती.
जिन्यात कुणी धापा टाकत भेटलं की म्हणायचो, कळवलंय.
फार आवडायचा मला हा शब्द.
कळवलंय.
चूल न पेटवताच
स्वयंपाक झाल्याचा वास त्याला येतो.

सातव्या मजल्यावरची त्सियाला
त्याच कारखान्यात क्रेन चालवायची.
चाळीस टनांची कढई हवेत तोलून धरलेली बाई,
आता एकेका पायरीपाशी
डावा गुडघा उजव्याला विचारतो, उजवा नाही म्हणतो.
एका शनिवारी ती स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन उतरली,
चौथ्याच्या वळणावर ठेवली,
बसली,
श्वास परत येईपर्यंत बसून राहिली
आणि खुर्ची तिथेच सोडून वर निघाली.

मी म्हटलं, त्सियाला, जिना सामाईक आहे.
इथे काही ठेवायचं तर सभेत ठराव लागतो.
ती म्हणाली, मग बोलाव की सभा.
आणि येणाऱ्यांना सांग,
दमलात तर चौथ्यावर खुर्ची आहे.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्यावर एक स्टूल दिसलं. कुणाचं, कुणी सांगेना.
सहाव्यावर बंद पडलेल्या सिनेमागृहातली घडीची खुर्ची आली,
पाठीवर पितळी सतरा.
ओतियाने पाचव्यावर दिवा लावला,
वायर स्वतःच्या दाराखालून ओढून.
विजेचं बिल कोण भरणार, मी विचारलं.
तो स्क्रू पिळत राहिला.

सगळंच काही गोड झालं नाही.
आठव्यावरची वेताची खुर्ची चोरीला गेली.
स्टुलावर पोरं सिगारेटी ओढत बसतात,
थोटकं कुठे टाकतात ते खालच्या मजल्याला विचारा.
आणि लिफ्ट अजून बंदच आहे,
हेही नोंदवून ठेवतो.

ऑक्टोबरात नगरपालिकेचा माणूस आला.
माझ्या अर्जांसाठी नाही.
जिन्यात अडथळा असल्याची तक्रार होती,
निनावी.
अक्षर माझं होतं.

पोरगेलासा होता, बॅग जड, कपाळ घामाने डबडबलेलं.
चौथ्यावर पोचला आणि मट्‌कन बसला.
मांडीवर कागद ठेवून नोटीस लिहायला घेतली,
मग मला विचारलं, काका, या खुर्च्या कुणाच्या?
नावाशिवाय नोटीस काढता येत नाही.
वरून त्सियाला पाण्याचा ग्लास घेऊन उतरत होती,
दोन पायऱ्या, थांबणं, दोन पायऱ्या.
तो उठून उभा राहिला,
का कुणास ठाऊक.
मी म्हटलं, माहीत नाही.
एकतीस वर्षांत
खोटा आकडा एकही लिहिला नव्हता मी.

त्या रात्री जेवणाच्या टेबलाशी
नेहमीसारख्याच दोन खुर्च्या होत्या.
मानानाची सहा वर्षं रिकामी,
रोज पुसलेली.
साडेअकराला ती उचलली, दार हळूच ओढलं,
चोरासारखा एक मजला उतरलो.
आठव्यावर, वेताची होती त्याच जागी ठेवली.
मागचा एक पाय सैल आहे तिचा, लग्नातली आहे.
परत वर गेलो, फाइलीची निळी नाडी सोडली,
खाली येऊन ती पायाला घट्ट गुंडाळली.

तरी डुगडुगते.
बसताना भिंतीकडच्या बाजूला टेका.